मानकुरादचं मूस: पाणी का सुटतं आणि ते हलकं कसं करायचं

डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय की आपल्या गोव्याच्या मानकुराद आंब्याचं मूस घरी केलं, आंब्याच्या फोडी, साखर आणि फ्रेश क्रीमचं पॅकेट असं सगळं एकत्र मिक्सरला फिरवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी बघतात तर वर पिवळं पाणी आणि खाली लस्सीसारखं काहीतरी, चव छान पण चमच्यावर उभंच राहत नाही. आणि पुढच्या रविवारी सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, तीस माणसं, त्यातली बरीच अंडं आणि जिलेटिन न खाणारी, तर काय करू?

ताई, मी फोंड्याला बावीस वर्षं घरूनच गोडाच्या ऑर्डरी करते, मुंजी, बारशी, साखरपुडे सगळं, आणि मे महिन्यात तर मूसच्या वाट्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, कारण नुसती रेसिपी दिली तर ती पुन्हा फसेल. तुमचं चुकलं ते प्रमाणात नाही चुकलं. फळातलं पाणी कुठे जाणार याचा विचार आधी करायला पाहिजे, तो झाला नाही एवढंच.

शंभर ग्रॅम आंब्यात ऐंशी ग्रॅमच्या वर पाणीच असतं. आपल्याला तो रस दाट दिसतो म्हणून वाटतं की हा क्रीममध्ये आपोआप धरेल, पण तो धरत नाही, मिक्सरमध्ये फिरवल्यावर तासभर बरा दिसतो आणि मग हळूहळू गर खाली बसतो, पाणी वेगळं होतं. त्यात साखर आणखी पाणी ओढून काढते, आंब्याच्या फोडींवर साखर घालून दहा मिनिटं ठेवा आणि बघा वाटीच्या तळाला किती रस जमतो ते.

दुसरी गोष्ट क्रीमची. बाजारात जे छोट्या खोक्यातलं फ्रेश क्रीम मिळतं त्यात फॅट साधारण २५ टक्के असतं, ते भाजीला, फ्रूट सॅलडला उत्तम, पण ते फेटून फुलत नाही, कितीही फेटा. फुलायला कमीत कमी ३० टक्के फॅट लागतं, ३५ असेल तर आणखी चांगलं, म्हणून खोक्यावर व्हिपिंग क्रीम लिहिलेलं बघून घ्यायचं आणि मागे टक्के वाचायचे. नॉन डेअरी व्हिप टॉपिंग म्हणून जे बेकरीवाले वापरतात ते पटकन फुलतं, उन्हात टिकतंही जास्त, पण ते वनस्पती तेलाचं असतं आणि आधीच गोड असतं, टाळूला एक थर बसतो, मानकुरादसारख्या आंब्याबरोबर ते मला अजिबात पटत नाही. केकवर लावायचं असेल तर लावा, मूसमध्ये नको.

तिसरं म्हणजे हलकेपणा. लोकांना वाटतं हलकं म्हणजे क्रीम कमी. तसं नाही, हलकं म्हणजे आत हवा पाहिजे. क्रीम गार असताना फेटलं की त्यातले फॅटचे कण एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत धरतात, आणि गरम झालं की ते कण वितळतात, भिंत पडते, हवा जाते. मिक्सरच्या भांड्यात पातं गरगर फिरतं, भांडं गरम होतं, हवा धरायच्या ऐवजी सगळं एकजीव पातळ होतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात ३३-३४ अंश असतं, वर दमटपणा, म्हणजे पुस्तकात बघून केलेली रेसिपी इथे तशीच चालत नाही.

आता करायचं कसं ते. आठ-नऊ छोट्या वाट्यांचं प्रमाण देते: मध्यम आकाराचे चार मानकुराद (अर्धा किलो गर निघायला हवा, कमी पडला तर पाचवा घ्या), २५० मिली व्हिपिंग क्रीम, १५० ग्रॅम चक्का, ५० ग्रॅम साखर आंब्याची गोडी बघून कमी-जास्त, चायना ग्रासची पावडर २ ग्रॅम म्हणजे एक सपाट छोटा चमचा, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. वेलची घालू नका. मला माहितीय आपल्याकडे आंब्याच्या कशातही वेलची घालायची सवय आहे, पण मानकुरादला स्वतःचा जो वास आहे तो वेलचीखाली दबतो, आणि त्या वासासाठीच तर आपण डझनाला एवढे पैसे मोजतो.

आंबा घेताना रंगावर जाऊ नका. मानकुराद हे नावच पोर्तुगीज ‘माल कोरादा’वरून आलंय असं सांगतात, म्हणजे ज्याला नीट रंग नाही तो. पिकल्यावरही तो पिवळाच असतो, लाली वगैरे धरत नाही. २०२३ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून बाहेरचे लोकही नावाने मागतात, आणि सीझनच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात डझनाचा भाव चार आकड्यांत असतो, तेव्हा मूससाठी आंबा घेऊच नये, तो चिरून खावा. मे उजाडला, भाव उतरला की मग करा. देठाजवळ नाक लावून वास घ्यायचा, देठाच्या बाजूला अंगठ्याने किंचित दाबलं की दबला पाहिजे पण मऊ पडलेला नको. पहिला पाऊस पडून गेल्यावरचा आंबा मी घेत नाही, त्यात अळी निघते आणि गरही पाणचट होतो. मानकुराद मिळालाच नाही तर हापूस चालेल, मुसरादही चालतो पण त्याचा रस जरा जास्त आटवावा लागतो. सासवाला, म्हणजे मोहरी-नारळाच्या वाटणातल्या आंब्याच्या कालवणाला, आपण जे घोटां, छोटे आंबे, घेतो ते मात्र यासाठी नको, दोरे फार.

चार आंब्यांचा गर काढून चाळणीतून घासून घ्या. मिक्सरला फिरवलात तरी चालेल पण चाळणी सोडू नका, एखादा दोरा राहिला तरी क्रीममध्ये तो जिभेला लगेच लागतो. आता त्या गराचे दोन भाग करा. अर्धा तसाच कच्चा बाजूला ठेवा, फ्रिजमध्ये नाही, ओट्यावरच. उरलेला अर्धा जाड बुडाच्या टोपात साखर आणि मीठ घालून मंद आचेवर आटवा. मंगाड, म्हणजे आंब्याचा घट्ट जॅम, करताना सुरुवातीला जसं करतो तसंच, फक्त तेवढं घट्ट नाही करायचं, दहा-बारा मिनिटांत अडीचशे ग्रॅमचा पावणेदोनशेच्या आसपास झाला की बस. ओळखायचं कसं, तर लाकडी चमचा टोपाच्या तळावरून ओढला की मागे रेघ राहते, एक-दोन सेकंद तळ दिसतो आणि मग रस परत मिळतो. तोपर्यंत ढवळत राहायचं, सुटा हात नको, आंब्यातली साखर खाली धरली की करपट वास येतो आणि तो काढता येत नाही.

सगळाच गर का नाही आटवायचा असं विचाराल, तर आटवल्यावर आंब्याचा वास बदलतो, जॅमकडे जातो. अर्धा शिजलेला दाटपणा देतो आणि अर्धा कच्चा वास देतो. हे मला समजायला बरीच वर्षं लागली, आधी मी सगळाच आटवायचे आणि लोक म्हणायचे छान आहे, पण ताजा आंबा खाल्ल्यासारखं कुणी म्हणायचं नाही.

आता चायना ग्रास. हे समुद्रातल्या शेवाळापासून होतं, त्यामुळे तुमच्या शाकाहारी मंडळींना काही अडचण नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, ते घालत असाल तर पाहुण्यांना सांगा, लपवू नये. दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे. जिलेटिन उकळायचं नसतं, गार पाण्यात भिजवून नुसतं कोमट करून वितळवायचं आणि ते तोंडात गेलं की विरघळतं. चायना ग्रास उकळल्याशिवाय विरघळतच नाही, आणि चाळीस अंशांच्या आसपास आलं की लगेच धरायला लागतं, अगदी बाहेरच, फ्रिजची वाट बघत नाही. म्हणून लोक काय करतात, उकळलेलं चायना ग्रास थेट गार क्रीममध्ये ओततात आणि मग मूसमध्ये साबुदाण्यासारखे गोळे लागतात.

तर अर्धी वाटी पाण्यात पावडर गार असतानाच ढवळून घ्या, मग उकळी आणा आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन-तीन मिनिटं उकळा, चमचा वर उचलला की पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, कण नको. आंब्याच्या रसातच का नाही उकळायचं, तर आंबट रसात उकळलं की त्याची पकड कमी होते, आधी पाण्यात उकळून घेतलेलं बरं. हे गरम पाणी आटवलेल्या गरम गरात घाला, ढवळा, आणि मग बाजूला ठेवलेला कच्चा गर थोडा थोडा करून घाला. तो ओट्यावर ठेवायला सांगितला ते यासाठीच, फ्रिजमधला गार गर घातलात तर तिथल्या तिथे गोळे होतील. लिंबाचा रस आता पिळा. मिश्रण ताटात पातळ पसरून फ्रिजमध्ये ठेवा.

तासाभरात ते जेलीसारखं धरेल, सुरीने वडी पडेल इतपत. ते बघून घाबरू नका, हीच पुढची पायरी आहे, आणि यावरच सगळं अवलंबून आहे. ही जेली मिक्सरच्या भांड्यात घालून अर्धा मिनिट फिरवायची. आधी तुकडे होतात, भांडं थांबल्यासारखं वाटतं, एकदा झाकण काढून चमच्याने खाली सारायचं, आणि मग एकदम ती गुळगुळीत, चकचकीत होते, फेटलेल्या दह्यासारखी, चमच्यावरून जाड रिबीनसारखी पडते. चायना ग्रासची जाळी मोडली तरी पाणी मात्र तिने धरून ठेवलेलं असतं, आता ते सुटत नाही, आणि पुन्हा घट्ट वडीही होत नाही. चायना ग्रासचं मूस रबरासारखं लागतं अशी जी तक्रार असते ती ही पायरी सोडल्यामुळेच असते.

चक्का मी यात का घालते ते सांगते. नुसत्या क्रीमचं मूस दोन चमच्यांनंतर जड वाटतं, चक्क्याने थोडा आंबटपणा येतो, तोंड ताजं राहतं, आणि खायला ते आम्रखंड आणि मूसच्या मधलं काहीतरी होतं, घरातल्या वयस्कर माणसांना तर हेच जास्त आवडतं. अर्धा किलो घट्ट दह्याचा दोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का पडतो. फक्त दही फडक्यात बांधून ओट्याच्या नळाला लटकवू नका, आपल्या उन्हाळ्यात चार तासांत ते आंबून जातं. चाळणीत फडक्यासकट ठेवा, खाली पातेलं, वर झाकण, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी चक्का चाळणीतून घासून घ्या आणि आंब्याच्या मिश्रणात एकजीव करा.

क्रीम फेटायच्या आधी अर्धा तास स्टीलचं खोलगट भांडं आणि बीटरची पाती फ्रीजरमध्ये टाका. क्रीम फ्रिजच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, दारात नाही. फेटताना भांड्याखाली मोठ्या परातीत बर्फ आणि मूठभर जाडं मीठ ठेवा, पंखा बंद असला आणि घाम आला तरी क्रीम गार राहतं. बीटर आधी हळू, मग मध्यम, एकदम फुल स्पीडला नाही. तीन-चार मिनिटांत बीटरच्या मागे ठसे उमटायला लागतात, मग ते ठसे पुसले जात नाहीत, बीटर वर उचलला की शेंडा येतो आणि टोक खाली वाकतं. इथेच थांबा. केकवर फुलं काढायला शेंडा ताठ लागतो, मूसला वाकलेलाच हवा, ताठ झालेलं क्रीम मिसळताना फुटतं. आणखी एक मिनिट फेटलात तर ते रवाळ होईल आणि त्यापुढे सरळ लोणी. रवाळ व्हायला लागलंच तर दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हाताने हळू ढवळा, बऱ्याचदा सावरतं, म्हणून मी नेहमी थोडं क्रीम मागे ठेवते.

मिसळताना पहिला तिसरा हिस्सा क्रीम आंब्यात घालून जरा बिनधास्त ढवळा, त्याने आंब्याचं मिश्रण सैल होतं. उरलेलं दोन वेळा करून घाला, आणि आता ढवळायचं नाही, उलथन्याने मधोमध खाली कापत जायचं, तळावरून कडेला वर आणायचं आणि अलगद पालथं करायचं, दुसऱ्या हाताने भांडं थोडं फिरवत. पंधरा-वीस वेळा. पांढऱ्या रेघा एक-दोन राहिल्या तरी सोडून द्या, त्या घालवण्याच्या नादात हवा जाते. चव घ्या, आणि ती इथे तुम्हाला हवी त्याहून थोडी गोड लागली पाहिजे, कारण गार झाल्यावर गोडी कमी जाणवते.

वाट्यांत भरा आणि किमान चार तास फ्रिजमध्ये. आणि झाकण लावा ताई, झाकण नक्की लावा. आपल्या गोव्यातल्या फ्रिजमध्ये नुस्तें असतंच, बांगडा नाहीतर सुंगटं, आणि क्रीम हे वास धरणारं आहे, त्यातली फॅट आजूबाजूचा वास ओढून घेते. माशाचा डबा कितीही बंद असला तरी मी मूस असलेल्या दिवशी मासे फ्रिजमध्ये ठेवतच नाही.

आंब्याचे ताजे तुकडे आत घालू नका, वाढताना वरून घाला, नाहीतर परत तेच, तुकड्यातून पाणी. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं, तिसऱ्या दिवशी वास फिरतो.

दुसऱ्या फळांबद्दल थोडं. अननस, पपई, किवी ही फळं कच्ची असताना दुधातल्या प्रोटीनला तोडतात. जिलेटिन धरतच नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण चायना ग्रास वापरलं तरी क्रीम-चक्क्यात कच्चा अननस गेला तर काही तासांत कडवट होतं हे फारसं कुणी सांगत नाही. मी सुरुवातीच्या काळात एका मुंजीला साठ वाट्या अननसाच्या केल्या होत्या, रात्री चाखलं तेव्हा सुंदर, सकाळी सगळ्या वाट्या कडू. मांडवात पान वाढायला घेतलेलं आणि मी त्या माउलीसमोर काय सांगू ते कळेना, पैसे परत दिले, घाईघाईने दूधपाक करून दिला, पण ते तोंड अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून अननस आधी साखरेत पाच-सात मिनिटं चांगला उकळून घेतल्याशिवाय मी दुधाजवळ नेत नाही, उकळला की त्यातला तो गुण जातो. पपईचंही तसंच.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरहून हिवाळ्यात येते, ती फार पाणीदार, ती सगळीच आटवा. चिकू आटवायची गरज नाही, गरच दाट असतो. बरको फणसाचा रस नारळाच्या घट्ट दुधात आटवून, चाळून केलेलं मूस मला आंब्याखालोखाल आवडतं, त्यात क्रीमऐवजी नारळाचं पहिलं दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वर आलेली साय फेटून घालता येते, क्रीमइतकी फुलत नाही पण दूध न खाणाऱ्यांसाठी उत्तम.

आणि काहींना हे सगळं करायचं नसेल तर सेरादुरा करा, त्यात काहीच आटवायचं नाही. सेरादुरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकडाचा भुसा, मारी बिस्किटाचा बारीक चुरा तसा दिसतो म्हणून. २५० मिली फेटलेल्या क्रीममध्ये १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, आणि वाटीत एक थर चुरा एक थर क्रीम. मध्ये आटवलेल्या आंब्याचा एक थर घातलात तर सुटणारं पाणी तो चुराच पिऊन टाकतो. अंडं-जिलेटिन नाही, लहान मुलं खुश.

मूसमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा फेटून घालायची पद्धत आहे, त्याने खरंच फार हलकं होतं, पण पंचाहत्तरीला वयस्कर मंडळी, घरात कुणी गरोदर, लहान मुलं असणार, कच्च्या अंड्याने पोट बिघडायची भीती असते, मी ऑर्डरीत कधीच घालत नाही.

आता तुमचा रविवार. तीस माणसांना वरच्या प्रमाणाच्या चौपट, म्हणजे सोळा-सतरा मानकुराद, एक लिटर व्हिपिंग क्रीम, दीड किलो दह्याचा चक्का. आंबे बुधवारी-गुरुवारीच आणून ठेवा, शनिवारपर्यंत पिकतील. शुक्रवारी रात्री दही बांधा. शनिवारी सकाळी गर काढून आटवा, जेली धरायला ठेवा, चार वाजता क्रीम. पण चारही पट एकाच भांड्यात मिसळू नका, एवढं मोठं भांडं पालथं करता करता खालची हवा दबून जाते, दोन-दोन पट असं दोनदा करा, दुसऱ्या खेपेचं क्रीम फ्रिजमध्येच असू दे. वाट्या शनिवारी संध्याकाळी भरल्या की रविवारी सकाळी फ्रिज सारखा उघडायला लावू नका कुणाला. लाइट गेलीच, आणि डिचोलीत मे अखेरीला पाऊस-वारा आला की जातेच, तर फ्रिज उघडू नका, दोन-तीन तास आत थंडावा राहतो. हॉलवर न्यायचं असेल तर थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फाचा थर, त्यावर जाड टॉवेल, त्यावर वाट्या, आणि वाढायच्या दहाच मिनिटं आधी पेटी उघडायची. काही अडलं तर शनिवारी दुपारपर्यंत विचारा, मी त्या दिवशी घरीच आहे.